विषाणूजन्य आजारात सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन आणि प्लेटलेट यांचे आकडे कसे वाचावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडच्या काळात ज्या चाचण्यांची नावे घरोघरी पोहोचली, त्यांच्याविषयीचे प्रश्न साथ ओसरल्यावरही थांबलेले नाहीत, आणि दर पावसाळ्यात त्यांत डेंग्यूच्या प्रश्नांची भर पडते. पुढील प्रश्न रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक पुन्हापुन्हा विचारतात. उत्तरे प्रामुख्याने कोविड-१९ संबंधी आहेत. डेंग्यूचे गणित निराळे असल्यामुळे त्यासाठी प्रश्न १३ ते १५ पाहावेत.

१. या चाचण्या रक्तातला विषाणू मोजतात का?

नाही. विषाणू आहे की नाही हे आरटी-पीसीआर, अँटीजेन किंवा डेंग्यूच्या बाबतीत एनएस१ यांसारख्या चाचण्या सांगतात. सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर या चाचण्या (यांनाच ‘मार्कर’ म्हणतात) विषाणूला शरीराने दिलेला प्रतिसाद आणि त्या झटापटीत झालेले नुकसान मोजतात. त्यामुळे त्या आजाराचे नाव सांगू शकत नाहीत. सीआरपी हे प्रथिन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांना न्यूमोकॉकस जिवाणूमुळे न्यूमोनिया झालेल्या रुग्णांच्या रक्तात सापडले. पुढे ते संधिवातात, शस्त्रक्रियेनंतर, हृदयविकाराच्या झटक्यानंतर, अशा अनेक अवस्थांत वाढते असे दिसून आले. निव्वळ सीआरपीचा आकडा पाहून ‘कोविड आहे’ किंवा ‘डेंग्यू आहे’ असे कोणी सांगत असेल, तर ते निदान ग्राह्य धरू नये.

२. रिपोर्टवर आठ-दहा नावे असतात. त्यांतले कोणते काय सांगते?

सीआरपी यकृतात तयार होते आणि ते तयार करण्याचा आदेश मुख्यतः इंटरल्यूकिन-६ या रासायनिक संदेशवाहकाकडून येतो. निरोगी माणसात ते सहसा लिटरमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असते, तर काही लॅब ही मर्यादा १० मानतात. दाह सुरू झाल्यावर ६ ते ८ तासांत ते चढू लागते, आणि त्याचे रक्तातले अर्धायुष्य सुमारे १९ तासांचे असल्यामुळे कारण दूर झाले की दोन-तीन दिवसांत ठळकपणे उतरते. या चपळपणामुळेच ते रोजच्या वापरात टिकून आहे. ईएसआर, म्हणजे नळीत तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग, त्या मानाने फार संथ आहे आणि रक्तक्षयातही वाढते, म्हणून तीव्र तापात त्याचा उपयोग मर्यादित आहे.

फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन आहे आणि दाहातही ते वाढते. डी-डायमर म्हणजे रक्ताच्या गुठळीतील फायब्रिनचे जाळे विरघळताना उरणारा तुकडा. तो वाढला असेल तर शरीरात कोठेतरी गुठळ्या होणे व विरघळणे नेहमीपेक्षा अधिक चालले आहे इतकेच समजते. कोठे आणि का, हे समजत नाही. एलडीएच हे जवळपास सर्व पेशींमधले विकर आहे, त्यामुळे पेशी फुटल्या की ते रक्तात येते आणि कोविडमध्ये फुप्फुसाच्या ऊतींना किती इजा झाली याची अप्रत्यक्ष कल्पना देते. ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूच्या इजेविषयी सांगते. या सर्वांच्या जोडीला साधी सीबीसी, म्हणजे रक्तातील पेशींची मोजणी, असते. ती स्वस्त आहे, तालुक्याच्या गावीही होते, आणि तिच्यातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा आकडा कोविडमध्ये अनेक महागड्या चाचण्यांइतकाच बोलका ठरला.

३. मार्कर खूप वाढला म्हणजे रुग्ण गंभीर होणारच, असे समजायचे का?

असे समजू नये, आणि हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देणे भाग आहे. मार्च २०२० मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात वुहानमधील दोन रुग्णालयांतील १९१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ५४ रुग्ण दगावले होते आणि १३७ घरी गेले होते. दाखल होताना ज्यांचे डी-डायमर मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक होते, त्यांच्यात मृत्यूची शक्यता दर्शवणारे गुणोत्तर १८ च्या वर निघाले. हा आकडा जगभर पसरला. त्याच्या शेजारी छापलेली विश्वासमर्यादा मात्र फारशी कोणी वाचली नाही: ती सुमारे २.६ पासून १२८ पर्यंत होती. डी-डायमरचा आणि धोक्याचा संबंध आहे हे या अभ्यासातून दिसते, पण त्या संबंधाची ताकद नेमकी किती, हे एवढ्या थोड्या रुग्णांवरून सांगता येत नाही, असा त्या रुंद पट्ट्याचा अर्थ होतो. शिवाय हे गुणोत्तर ‘ऑड्स’चे, म्हणजे दगावलेल्यांचे वाचलेल्यांशी असलेल्या प्रमाणाचे आहे. ‘मृत्यूची शक्यता अठरा पट’ असे त्याचे सरळ भाषांतर चुकीचे ठरते.

दुसरी गोष्ट म्हणजे, अशा अभ्यासांतून एका गटाचा धोका कळतो. समोरच्या खाटेवरील व्यक्तीचे वय, तिचा मधुमेह, तिचा श्वसनाचा वेग आणि आजाराचा दिवस या सर्वांनी तो आकडा वरखाली होतो. सत्तरीच्या, प्रति मिनिट ३० श्वास घेणाऱ्या रुग्णाचे सीआरपी १२० असणे आणि तिशीच्या, चालत-बोलत आलेल्या तरुणाचे सीआरपी १२० असणे यांत फार मोठे अंतर आहे, जरी दोघांच्या रिपोर्टवर तोच आकडा ठळक अक्षरांत छापलेला असला तरी.

४. मग सर्वांत भरवशाचा मार्कर कोणता?

एकटा कोणताच नाही. ब्रिटनमधील रुग्णालयांत फेब्रुवारी ते जून २०२० दरम्यान दाखल झालेल्या ५७,००० हून अधिक रुग्णांच्या माहितीवरून ‘फोर-सी मॉर्टॅलिटी स्कोअर’ नावाची गुणपद्धती तयार झाली. तिच्यात आठ बाबी आहेत: वय, लिंग, सहव्याधींची संख्या, श्वसनाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, शुद्धीची अवस्था, युरिया आणि सीआरपी. एकूण गुण ० ते २१ असतात. ० ते ३ गुण असलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण सुमारे १ टक्का होते, तर १५ किंवा त्याहून अधिक गुण असलेल्यांत ६० टक्क्यांच्या पुढे.

या आठ बाबींपैकी रक्तातील चाचण्या फक्त दोनच आहेत, आणि त्यांतला युरिया ही तर मूत्रपिंडाची जुनी, साधी चाचणी आहे. इंटरल्यूकिन-६, फेरिटिन, डी-डायमर यांचा तिच्यात समावेशच नाही. उरलेल्या सहा बाबी रुग्णाजवळ बसून, नाडीऑक्सिमीटर बोटाला लावून आणि घड्याळ धरून श्वास मोजल्याने कळतात. ज्या कुटुंबाने चाचण्यांच्या ‘पॅकेज’साठी उसने पैसे घेतले, त्यांना ही गोष्ट कोणीतरी वेळेवर सांगायला हवी होती, असे मला फार वाटते.

५. ताप आल्यावर कितव्या दिवशी चाचणी करावी?

पहिल्या लक्षणाचा दिवस पहिला धरून मोजावे, आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आल्याचा दिवस धरून नव्हे. कोविडमध्ये पहिल्या आठवड्यात विषाणूची वाढ जोरात असते, आणि प्रकृती बिघडणाऱ्या रुग्णांत ती बहुधा सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास, दाह वाढल्यामुळे, बिघडते. म्हणून दुसऱ्या दिवशीचे सीआरपी ४ आले तरी निर्धास्त होता येत नाही. तसेच बाराव्या दिवशीचे सीआरपी ४० हे आधीच्या ११० वरून उतरलेले असेल, तर ती चांगली बातमी असते. रिपोर्टवर आजाराचा दिवस लिहिलेला नसतो. तो घरच्यांनी स्वतः लिहून ठेवावा, कारण डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.

भारतातील राष्ट्रीय कृतिदलाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत मध्यम स्वरूपाच्या, म्हणजे दाखल केलेल्या रुग्णांसाठी, सीआरपी आणि डी-डायमर ४८ ते ७२ तासांच्या अंतराने तपासावेत असे म्हटले होते. रोज तपासल्याने अधिक काही कळत नाही.

६. लक्षणे सौम्य आहेत, तरी खबरदारी म्हणून सर्व मार्कर करून घ्यावेत का?

नकोत. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी जाहीरपणे सांगितले होते की सौम्य आजारात सीटी स्कॅन आणि रक्तातील मार्कर करू नयेत, कारण त्यातून घबराटच वाढते. कोणत्याही सर्दी-तापात सीआरपी थोडे वाढते. ते १८ आले की चिंता, चिंतेतून दुसऱ्या लॅबमध्ये फेरतपासणी, आणि फेरतपासणीतून अनावश्यक स्टेरॉइड, अशी साखळी त्या दिवसांत अनेक घरांत पाहायला मिळाली.

घरी लक्ष ठेवायचे ते ऑक्सिजनची पातळी, श्वसनाचा वेग आणि ताप यांवर. पातळी ९४ च्या खाली जाणे, मिनिटाला २४ किंवा त्याहून अधिक श्वास, सहा मिनिटे चालल्यावर पातळी ३ टक्क्यांहून अधिक घसरणे, छातीत दुखणे, गोंधळल्यासारखे बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर मार्करची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ज्यांना साठीनंतरचे वय, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, कर्करोगाचे उपचार अशी जोखीम आहे, त्यांच्यासाठी डॉक्टर ठरावीक चाचण्या आधीही सांगू शकतात.

हा विचार नवा नाही. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली, तेव्हाही कोणाला घरी ठेवायचे, कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला दाखल करायचे याची वर्गवारी लक्षणांवर आणि जोखमीवर केली जात होती.

७. एका लॅबमध्ये सीआरपी ४.८ आले आणि दुसरीकडे ४८. कोणती लॅब खोटी?

बहुधा कोणतीच नाही. आधी एकक पाहावे. काही लॅब सीआरपी डेसिलिटरमागे देतात, काही लिटरमागे. डेसिलिटरमागे ४.८ मिलिग्रॅम म्हणजेच लिटरमागे ४८ मिलिग्रॅम.

डी-डायमरमध्ये हा घोळ अधिक धोक्याचा आहे, कारण तेथे नॅनोग्रॅम-मायक्रोग्रॅमचा फरक तर आहेच, शिवाय मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. रिपोर्टवर एकाच्या शेजारी ‘एफईयू’ आणि दुसऱ्याच्या शेजारी ‘डीडीयू’ लिहिलेले असते, आणि एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट येतो. समजा, एका रिपोर्टवर ४०० नॅनोग्रॅम डीडीयू असे आहे. नातेवाइकांनी कोठेतरी ‘५०० च्या आत असले की ठीक’ असे वाचलेले असते आणि ते निश्चिंत होतात, पण ती ५०० ची मर्यादा एफईयूची आहे. त्या पद्धतीने हेच रक्त सुमारे ८०० भरते, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. त्याच लॅबची, त्याच रिपोर्टवर छापलेली संदर्भमर्यादा हीच खरी पट्टी मानावी, आणि उतार-चढाव पाहायचा असेल तर सर्व नमुने एकाच लॅबमध्ये द्यावेत.

नमुना घेण्यातही चुका होतात. डी-डायमरसाठीच्या निळ्या टोपणाच्या नळीत सायट्रेट आधीपासून भरलेले असते, आणि रक्त खुणेपर्यंत आले नाही तर प्रमाण बिघडते. शीर सापडत नाही म्हणून जोर लावून ओढलेल्या रक्तात तांबड्या पेशी फुटल्या, तर एलडीएच खोटेच वाढलेले दिसते. रिपोर्टच्या तळाशी नमुना ‘हिमोलाइज्ड’ असल्याचा शेरा असेल, तर त्या एलडीएचवर निर्णय घेऊ नये.

८. एनएलआर म्हणजे काय आणि तो घरी काढता येतो का?

काढता येतो. सीबीसीमधील न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या टक्क्यांना लिम्फोसाइटच्या टक्क्यांनी भागावे. न्यूट्रोफिल ७८ आणि लिम्फोसाइट १२ असतील, तर एनएलआर ६.५ होतो. निरोगी प्रौढांत तो साधारण १ ते ३ असतो. त्याच रिपोर्टवर एकूण पांढऱ्या पेशी ६,२०० असतील, तर त्यांचे १२ टक्के म्हणजे ७४४ लिम्फोसाइट, आणि १,००० च्या खालचा हा आकडा डॉक्टर गांभीर्याने घेतात. एकूण पेशी ‘नॉर्मल’ दिसल्या तरी आतले वाटप बिघडलेले असू शकते, हे या उदाहरणातून लक्षात यावे.

दोन अपवाद ध्यानात ठेवावेत. स्टेरॉइड सुरू केल्यावर न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात, त्यामुळे औषधाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढलेला एनएलआर हा आजार वाढल्याचा पुरावा ठरत नाही. आणि साधारण चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत लिम्फोसाइट मुळातच अधिक असतात, म्हणून प्रौढांची मर्यादा त्यांना लावता येत नाही.

९. सीआरपी ९० आहे पण ऑक्सिजन ९७ आहे. स्टेरॉइड सुरू करावे का?

केवळ सीआरपीसाठी स्टेरॉइड देऊ नये. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीत दररोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन कमाल १० दिवस दिले गेले. व्हेंटिलेटरवरील रुग्णांत २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ पर्यंत आणि केवळ ऑक्सिजनवरील रुग्णांत २६.२ वरून २३.३ पर्यंत खाली आले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांच्यात मात्र औषध घेणाऱ्यांत १७.८ आणि न घेणाऱ्यांत १४.० टक्के मृत्यू झाले. हा फरक निश्चित अपाय म्हणण्याइतका ठोस नसला, तरी लाभ नाही हे त्यातून स्पष्ट झाले. उपचाराची रेषा ऑक्सिजनच्या गरजेने आखली गेली होती, सीआरपीने नव्हे. आपल्याकडे मधुमेहींना अवेळी, अधिक मात्रेत दिलेल्या स्टेरॉइडनंतर म्युकरमायकोसिसने किती डोळे आणि जबडे गेले, हे २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने पाहिले आहे.

सीआरपीला निर्णयात औपचारिक स्थान मिळाले ते टोसिलिझुमॅब या दाह दाबणाऱ्या औषधाच्या बाबतीत. त्याच ‘रिकव्हरी’ चाचणीत ऑक्सिजन कमी असणे आणि सीआरपी ७५ किंवा त्याहून अधिक असणे या दोन्ही अटी पूर्ण करणाऱ्या ४,११६ रुग्णांचा अभ्यास झाला. औषध मिळालेल्यांत मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्के, न मिळालेल्यांत ३५ टक्के राहिले. या दोन अटींपैकी एकच पूर्ण होत असेल, तर हा निष्कर्ष त्या रुग्णाला लागू करता येत नाही.

१०. डी-डायमर वाढले आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घ्याव्यात का?

स्वतःहून मुळीच नाही. ब्राझीलमधील ‘ॲक्शन’ चाचणीत, डी-डायमर वाढलेल्या दाखल रुग्णांना रिव्हॅरॉक्सॅबान उपचाराच्या पूर्ण मात्रेत देऊन पाहिले. प्रकृतीत सुधारणा अधिक झाली नाही आणि रक्तस्राव मात्र वाढले. दुसरीकडे, रुग्णालयात दाखल पण अतिदक्षता न लागलेल्या रुग्णांत हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या पूर्ण मात्रेचा लाभ २०२१ मध्ये दिसला. तो लाभ डी-डायमर कमी असो वा अधिक, दोन्ही गटांत होता, आणि अत्यवस्थ रुग्णांत तो दिसलाच नाही. म्हणजे डी-डायमरने धोका सूचित केला, तरी औषध कोणाला लागू पडेल हे त्याने सांगितले नाही. धोक्याची खूण आणि उपचाराची खूण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयातील बहुतेक गोंधळ त्या एकच मानल्याने झाला आहे.

एका पायाला सूज येणे व पोटरी दुखणे, किंवा एकाएकी दम लागणे ही लक्षणे असतील, तर गोष्ट वेगळी. तेथे पायाची डॉप्लर किंवा छातीची सीटी अँजिओग्राफी करून गुठळी प्रत्यक्ष शोधावी लागते.

११. सीआरपी शंभराच्या वर आहे. म्हणजे जिवाणूसंसर्गही आहे आणि अँटिबायोटिक हवेच ना?

विषाणूने सीआरपी थोडे वाढते आणि जिवाणूने खूप, हा ठोकताळा सर्वसाधारण तापात बऱ्यापैकी चालतो. कोविडने तो मोडला: निव्वळ विषाणूमुळेही अनेक रुग्णांचे सीआरपी शंभराच्या पुढे गेले. लहान मुलांतील ॲडिनोव्हायरसही तसाच वागतो. येथे प्रोकॅल्सिटोनिन या दुसऱ्या रक्तचाचणीची थोडी मदत होते, कारण विषाणूसंसर्गात तयार होणारे इंटरफेरॉन-गॅमा त्याची निर्मिती दाबून ठेवते. मिलिलिटरमागे ०.२५ नॅनोग्रॅमपेक्षा ते कमी असेल, तर जिवाणूजन्य न्यूमोनियाची शक्यता कमी होते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत मात्र ते संसर्गाशिवायही वाढलेले असते, आणि अत्यवस्थ कोविडमध्येही थोडे चढते. अखेरचा शब्द कफ व रक्ताच्या कल्चरचा.

१२. टोसिलिझुमॅब दिल्यावर सीआरपी २ वर आले, पण इंटरल्यूकिन-६ उलट वाढले. आजार बरा होतोय की बिघडतोय?

या दोन्ही आकड्यांवरून ते सांगता येत नाही. हे औषध इंटरल्यूकिन-६ चे ग्राहक, म्हणजे पेशींवर तो रेणू जेथे चिकटतो त्या जागा, अडवते. ग्राहक अडल्यामुळे तो रेणू वापरला न जाता रक्तात साचतो आणि त्याचा आकडा चढतो. त्याच वेळी यकृतापर्यंत आदेश पोहोचत नाही, म्हणून सीआरपी कोसळते. पुढचे काही आठवडे नव्याने जिवाणूसंसर्ग झाला, तरी सीआरपी वाढेलच असे नाही, आणि ताप दबलेला राहू शकतो. अशा रुग्णाची भूक गेली, रक्तदाब घसरला किंवा श्वास वाढला, तर ‘सीआरपी नॉर्मल आहे’ या वाक्यावर कोणीही विसंबून राहू नये.

१३. डेंग्यूमध्ये प्लेटलेट किती खाली गेल्या की धोका समजायचा?

डेंग्यूमध्ये सर्वांचे डोळे प्लेटलेटवर असतात, परंतु जीव घेणारी गोष्ट बहुधा वेगळी असते. रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील द्रव भाग, बाहेर पाझरतो आणि रुग्ण शॉकमध्ये जातो. हे पाझरणे हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींच्या टक्केवारीवर, दिसते. काही रिपोर्टवर त्याला पीसीव्ही म्हटलेले असते. वरणातले पाणी आटले की डाळ वाढत नाही, वरण घट्ट होते. तसेच येथे तांबड्या पेशी वाढत नाहीत, रक्त घट्ट होते. हिमॅटोक्रिट ४० वरून ४८ झाले, तर ती मूळ आकड्याच्या २० टक्के वाढ आहे आणि ती गंभीर खूण मानली जाते. म्हणूनच तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत एक सीबीसी करून मूळ आकडा हाती ठेवणे डेंग्यूमध्ये उपयोगाचे ठरते. प्रश्न ६ मधील सल्ला कोविडचा आहे, डेंग्यूचा नाही.

धोक्याचा काळ ताप उतरतानाचा असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यानचे २४ ते ४८ तास. घरचे लोक ‘ताप गेला’ म्हणून सुटकेचा श्वास सोडतात, नेमके तेव्हाच अधिक लक्ष हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या वर्गवारीतील इशारे असे आहेत: पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, पोटात किंवा छातीत पाणी साचणे, हिरड्या किंवा नाकातून रक्त, सुस्ती किंवा अस्वस्थता, यकृताची वाढ, आणि प्लेटलेट झपाट्याने घसरत असतानाच हिमॅटोक्रिट वाढणे. या यादीत प्लेटलेटचा आकडा एकटा नाही, तो हिमॅटोक्रिटसोबत आहे.

एक फसवा प्रसंगही सांगायला हवा. नाडी जलद, हातपाय गार, आणि हिमॅटोक्रिट मात्र उतरलेले, असे दिसले तर सुधारणा समजू नये. पोटात आतल्या आत रक्तस्राव होत असू शकतो. यकृताची एएसटी किंवा एएलटी ही विकरे १,००० वर गेली, तर तोही तीव्र डेंग्यूचा निकष आहे.

१४. प्लेटलेट २०,००० वर आल्या. पिशवी चढवून घ्यावी का? आणि किवी, पपईच्या पानांचा रस?

रक्तस्राव होत नसेल, तर केवळ आकड्यासाठी प्लेटलेट चढवल्याने लाभ होत नाही. सिंगापूर आणि मलेशियात प्लेटलेट २०,००० किंवा त्याहून कमी असलेल्या प्रौढांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव टळला नाही आणि दुष्परिणाम अधिक झाले. प्रत्यक्ष रक्तस्राव, शस्त्रक्रियेची गरज किंवा आकडा अतिशय खाली जाणे, अशा वेळी निर्णय डॉक्टरांचा. पपईच्या पानांच्या अर्काने आकडा काहीसा लवकर वाढल्याचे लहान अभ्यासांत दिसले आहे, पण त्याने शॉक किंवा मृत्यू टळतात असा पुरावा नाही. किवीचे तेच. रुग्णाला खरी गरज पाणी, ओआरएस, पेज, नारळपाणी यांची आणि डॉक्टरांच्या देखरेखीची असते. तापासाठी पॅरासिटामॉल घ्यावे; ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळावे.

१५. सकाळी प्लेटलेट ३५,००० आणि संध्याकाळी दुसरीकडे १,४०,००० आल्या. असे कसे?

काही जणांच्या रक्तात जांभळ्या टोपणाच्या नळीतील ईडीटीएमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या गठ्ठ्याला एक पेशी समजते. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की गठ्ठे दिसतात, आणि सायट्रेटच्या नळीत पुन्हा नमुना घेतला की खरा आकडा मिळतो. रुग्ण ठणठणीत दिसत असून आकडा अनपेक्षितपणे कमी आला, तर ‘स्मिअर पाहिला का?’ असे लॅबला जरूर विचारावे.

१६. आधीपासून दुसरा आजार किंवा गरोदरपण असेल, तर हेच आकडे लागू होतात का?

पुष्कळदा होत नाहीत. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या तांबड्या पेशी सतत फुटत असल्यामुळे एलडीएच एरवीही वाढलेले असते, आणि वारंवार रक्त चढवलेले असेल तर फेरिटिनही. अशा रुग्णाचा प्रकृती बरी असतानाचा जुना रिपोर्ट सोन्यासारखा जपावा, कारण तुलना त्याच्याशीच करायची असते. याउलट लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झालेल्या स्त्रीचे फेरिटिन मुळात इतके कमी असते की गंभीर दाहातही ते मर्यादेत दिसू शकते. फॅटी लिव्हर, मद्यपान आणि मधुमेह यांत फेरिटिन आधीच चढलेले आढळते. यकृत निकामी होत असेल, तर सीआरपी पुरेसे तयारच होत नाही.

गरोदरपणात डी-डायमर आणि पांढऱ्या पेशी दोन्ही नैसर्गिकरीत्या वाढतात, तर प्लाझ्मा वाढल्यामुळे हिमॅटोक्रिट उतरते. म्हणून गरोदर स्त्रीला डेंग्यू झाला असता, हिमॅटोक्रिट ‘नॉर्मल’ दिसत असतानाही पाझरणे चालू असू शकते. वाढत्या वयात, शस्त्रक्रियेनंतर आणि कर्करोगातही डी-डायमर वाढते.

१७. लस घेतली आहे. २०२० मधील मर्यादा आजही खऱ्या धरायच्या का?

दिशा तीच राहते, पण प्रमाण बदलते. २०२० मधील अभ्यास लस नसलेल्या, विषाणूशी प्रथमच सामना होत असलेल्या लोकांवर झाले. आज बहुतेकांना लसीची, आधीच्या संसर्गाची किंवा दोन्हींची प्रतिकारशक्ती आहे आणि उपचारही सुधारले आहेत. त्यामुळे जुन्या गुणपद्धती कोण अधिक जोखमीचा आणि कोण कमी हा क्रम बऱ्यापैकी लावतात, परंतु त्यांनी सांगितलेली मृत्यूची टक्केवारी आता वास्तवापेक्षा जास्त निघण्याची शक्यता असते. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे, त्यांच्या बाबतीत हा दिलासा गृहीत धरू नये.

१८. बरे होऊन महिना झाला तरी डी-डायमर आणि फेरिटिन थोडे जास्तच आहे. नॉर्मल होईपर्यंत तपासत राहावे का?

लक्षणे नसतील तर आवश्यकता नाही. ही दोन्ही काही आठवडे किंचित वर राहू शकतात. दम लागणे, छातीत दुखणे, पायाची सूज अशी तक्रार असेल, तर आकड्यासाठी थांबू नये. प्रश्न १० मधील तपासण्या करून घ्याव्यात.

१९. मुलाला कोविड अगदी सौम्य झाला होता. महिन्याने पुन्हा ताप आला आहे. येथेही मार्कर टाळायचे का?

येथे टाळू नयेत. कोविडनंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांमध्ये अनेक अवयवांचा दाह होतो. त्याला एमआयएस-सी म्हणतात. तीन दिवस किंवा त्याहून अधिक ताप, पोटदुखी, उलट्या-जुलाब, अंगावर पुरळ, लाल डोळे, हातपाय गार पडणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत वाढलेले ईएसआर, सीआरपी किंवा प्रोकॅल्सिटोनिन हा निदानाचाच एक निकष आहे. पोटदुखीमुळे हे दुखणे अपेंडिक्सचे वाटू शकते, म्हणून आधी होऊन गेलेल्या कोविडचा, किंवा घरात कोणाला तो झाल्याचा उल्लेख बालरोगतज्ज्ञांकडे आवर्जून करावा. ट्रोपोनिन आणि हृदयाची टू-डी इको तपासणी त्याच दिवशी लागू शकते, त्यामुळे या दोन्हींची सोय असलेल्या रुग्णालयात मुलाला न्यावे.